जेटला किती जोर लावावा

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार

आज शब्द दिला. बोरखडीच्या यात्रेत, वसंत पंचमीला, पटाच्या मैदानावर जेट विमान उडवणार. रिमोटवरचं, मॉडेल. पण जेट. गोल गिरकी, सरळ उभी चढाई, मग उलटं होऊन पब्लिकच्या डोक्यावरून.

घडलं ते असं. कोर्टानं मे महिन्यात बैलांच्या शर्यती बंद केल्या, म्हणजे शंकरपट गेला. बोरखडीची यात्रा पटावरच चालायची. कमिटीचे अध्यक्ष रामराव आज अमरावतीला माझ्या दुकानात आले. काम काही नव्हतं. यंदा कोणालाच काम नाही. सोयाबीनला शेंगा धरल्या नाहीत, तर फवारायचं काय आणि फवारणी पंप बिघडणार कशाला? बसले, चहा घेतला, रिकाम्या पट्टीवर आता काय करावं म्हणून विचारत होते. ऑर्केस्ट्रा म्हणाले, कुस्त्या म्हणाले. माझी नजर फळीवरच्या थर्मोकोलच्या विमानावर गेली आणि तोंडातून निघून गेलं.

रामरावांनी विचारलं, उडवलं आहे का याआधी? मी म्हणालो, विमानाचा अनुभव आहे. हे खरं आहे. चार उड्डाणं. (उतरवणं एक. ते परवेजनं.)

संकल्प: रोज एक तास सराव. आणि इंजिन ठरवणे. जेटमध्ये इंजिन हेच सर्व काही. टर्बाइनच घेणार. रॉकेलवर चालतं, खऱ्यासारखी शीळ घालतं. अर्धवट काम खुशालराव मोहोडला जमत नाही.

१३ ऑक्टोबर

पंचफुलाला सांगितलं. तिनं भाकर थापता थापता विचारलं, उडवणार कोण. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसायचं म्हटलं तर तुमचे पाय कापतात.

आकाशपाळण्यात मी बसत नाही ते नटबोल्ट पाहून. भीती वेगळी आणि माहिती वेगळी. बायकोला हा फरक पंचवीस वर्षांत समजला नाही.

सराव: नाही. ढगाळ.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मतदान केलं. दुकान बंद. मोबाइलवर टर्बाइनचे व्हिडिओ पाहिले, एकूण अकरा. दहा छान आहेत. अकराव्यात एक गोरा माणूस विमानाच्या शेपटीमागे वाकून बसतो, इंजिन चालू होत नाही, रॉकेल आत साचतं, मग भडका होतो. माणसाच्या भुवया गेल्या. तो हसत होता. मला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही.

तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला, अभ्यास म्हणून.

निर्णय: टर्बाइन रद्द. कारण तांत्रिक. त्याच्या मागून सहाशे डिग्रीची हवा निघते. आपल्या भागात शेतात वाळल्या तुराट्या, कडब्याच्या गंज्या. गावाच्या हिताचा विचार केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

अकोल्याला परवेजकडे गेलो. परवेजचं पंखे-मिक्सरच्या वाइंडिंगचं दुकान आहे. बारीक तांब्याची तार तो बोटांनी अशी गुंडाळतो की बायकांनी वेणी घालावी. सहा वर्षांपासून रिमोटची विमानं उडवतो. मला हा नाद त्यानंच लावला. त्याची बायको अफिफा शाळेत गणित शिकवते. मी तिला भाभी म्हणतो, पण समोर बसलो की पाढे विचारेल असं वाटत राहतं.

भाभींनी कागदावर समजावलं. टर्बाइन नसेल तर डक्टेड फॅन. म्हणजे विमानाच्या पोटात एक नळी, नळीत पंखा, पंख्याला बॅटरीवरची मोटर. पातं बाहेर कुठेच नाही. विमान सरळ वर चढायला हवं असेल तर पंख्याचा जोर विमानाच्या वजनाएवढा तरी पाहिजे. लहान पंखा घेतला तर चार सेलची बॅटरी पुरते, मधल्याला सहा, मोठ्याला बारा.

मी म्हणालो, बारा. त्या म्हणाल्या, पहिलंच जेट आहे, सहा घ्या. मी म्हणालो, भाभी, पब्लिक मोठं आहे. परवेज हसला. म्हणाला, उडवू ना भाऊ आपण.

हे 'आपण' मला आवडलं. मनातली खरी योजना अशी आहे की रिमोट परवेजच्या हाती द्यायचा आणि मी माईकवर बोलायचं. अजून त्याला सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर

बॅटरीचा नमुना परवेजनं पाठवला. सहा सेलच्या दोन, एकाला एक जोडल्या की बारा. सोबत सूचनांचा कागद. टोचू नये, दाबू नये, आपटू नये, जास्त चार्ज करू नये, एकटं सोडू नये, फुगल्यास वापरू नये. लहान बाळाला इतक्या सूचना नसतात.

उद्या लक्ष्मीपूजन. शेजारी फटाके.

२३ ऑक्टोबर

बॅटऱ्यांच्या जागा: कपाट (लाकूड पेट घेते). न्हाणीघर (पाणी). गच्ची (रॉकेट पडतात). देवघर (पंचफुला नाही म्हणाली). शेवटी रेतीच्या बादलीत घालून अंगणात तुळशीपासून लांब ठेवल्या आणि खुर्ची टाकून दहा पावलांवर बसलो. शेजाऱ्यांना वाटलं मी सुतळी बॉम्ब लावून वाट पाहतो आहे. त्यांनी पोरांना आत घेतलं.

पंचफुलानं फराळ तिथंच आणून दिला. म्हणाली, 'तुमाले भेव वाटते तं वाटते म्हणा ना. कोणी मारते का तुमाले?'

मी म्हणालो, ही सुरक्षा आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

एक बॅटरी फुगली. चार्जरवर लावून मी लांब उभा होतो. इतका लांब की चार्जरचा आकडा वाचता आला नाही, त्यामुळे जास्त चार्ज झाली. कढईतल्या पुरीसारखी टम्म. चिमट्यानं धरून रेतीत पुरली. अजूनही तिकडून जात नाही. दुकानात जायला मागच्या गल्लीनं फिरून जातो. चालणं आरोग्याला चांगलं.

निर्णय: बॅटरीच नको. विजेवर आपला विश्वास नाही. मी पेट्रोलचा माणूस. वीस वर्षं फवारणी पंपांची टू-स्ट्रोक इंजिनं खोलली आणि बसवली. दुकानात डझनभर पडली आहेत. त्यातलं एक हलकं करून जेटच्या पाठीमागे बसवायचं, त्याला लाकडी पंखा. जेटच्या ढाच्यात, पण इंजिन आपल्या ओळखीचं. ओळखीच्या वस्तूची भीती कसली? (भीती आधीही नव्हतीच.)

परवेजला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, उघडं पातं आहे भाऊ, पण पाहू.

९ नोव्हेंबर

इंजिन तयार. फवारणी पंपाच्या टाकीसकट वाजवून पाहिलं. गोड आवाज. बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

सराव: पुढच्या आठवड्यापासून नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७

अकोल्याला चाचणी झाली. इंजिन उत्तम चाललं. परवेजच्या हाताला थोडं लागलं.

सविस्तर: परवेजच्या दुकानामागे मोकळी जागा आहे. मी विमानाची शेपूट धरून बसलो होतो. परवेज मागच्या बाजूनं पंख्याला झटका देत होता. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. दुकानात वाजतं त्यापेक्षा आवाज फार मोठा, कारण इथं पंखा होता आणि तो माझ्या तोंडापासून हातभर. तांत्रिक कारणानं शेपूट हातातून सुटली. विमान फिरलं. परवेजचा उजवा हात मध्ये आला. दोन बोटं.

रक्त होतं. भाभी आतून आल्या. मी तडक रिक्षा आणायला निघालो. अशा वेळी कोणीतरी डोकं शांत ठेवायला पाहिजे.

रिक्षा मिळाली नाही. अमरावतीची बस मिळाली.

बसमध्ये बसल्यावर विचार केला, अमरावतीला डॉक्टर जास्त आहेत. मूर्तिजापूरला उतरून परत जावं असं वाटलं, पण तोपर्यंत त्यांनी दवाखाना गाठला असणार. उगाच गर्दी होते.

१७ नोव्हेंबर

परवेजचे दोन फोन. रेंज नव्हती.

१८ नोव्हेंबर

एक फोन. रेंज नव्हती.

१९ नोव्हेंबर

मोबाइल बंद ठेवला. त्याच्याही आत बॅटरीच असते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भाभींनी पंचफुलाच्या फोनवर लावला. मी दुकानात होतो. घरी आलो तर पंचफुला डबा भरत होती, मेथीचे पराठे आणि मिरचीचा ठेचा. एकटी अकोल्याला निघाली. मी म्हणालो, मीही आलो असतो, पण दुकान. दुकानात सहा दिवसांत एक गिऱ्हाईक आलं, तेही पत्ता विचारायला.

सायंकाळी ५. आली. परवेजच्या बोटांची नस जोडली म्हणे. टाके आहेत. हालचाल किती परत येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. एवढं बोलून ती पडवी झाडायला लागली. झाडून झालेली पडवी.

तिनं मला काही विचारलं नाही याचा अर्थ तिला माझं पटलं आहे.

३० नोव्हेंबर

बोरखडीहून रामरावांचा फोन. फ्लेक्स छापला. माझा फोटो आहे, टोपी घातलेला. खाली 'जेट पायलट खुशालराव मोहोड'. चौकात लावला. तिवशाच्या बसस्टँडवरही लावणार.

आता कार्यक्रम रद्द कसा करावा, हा प्रश्न नाही. करायचा कशाला? फक्त उडवणार कोण, एवढाच प्रश्न.

७ डिसेंबर, रविवार

अकोल्याला गेलो. पंचफुला सोबत आली, म्हणजे मला घेऊन गेली.

परवेज दुकानाच्या स्टुलावर बसला होता. हाताला पांढरी पट्टी, दोन बोटं सरळ उभी. गल्ल्यामागे तीन पंखे उघडे पडले होते. मी दारात उभा राहिलो. तो म्हणाला, 'या भाऊ. रविवारची रिक्षा भेटत नाई इथं, मले मालूम हाय.'

मी म्हणालो, हो ना. लय शोधली.

समजूतदार माणूस. जीव हलका झाला. भाभी चहा देऊन आत गेल्या. साखर नव्हती. विसरल्या असतील.

परवेजनं सांगितलं की भाभींनी मागवलेला जेटचा फॅन आला आहे, मधला, सहा सेलचा. भाभींनी बसवला. जेटला स्प्रिंगच्या काट्याला बांधून जोरही मोजला: वजन सव्वादोन किलो, जोर त्याहून जरा जास्त. उभं चढेल. मी म्हणालो, उडव मग तू. त्यानं पट्टीचा हात वर केला. डाव्या हातानं एकच दांडी धरता येते, दुसरीला दोन बोटं लागतात.

भाभी आतून म्हणाल्या, कार्यक्रम रद्द करा. कोणी काही म्हणणार नाही.

मी म्हणालो, मी उडवतो. माझ्या फोटोकडे पाहून लोकांनी शब्द धरला आहे. हे बोलताना आवाज खणखणीत निघाला. घरी येईपर्यंत हातपाय गार होते. थंडी फार पडली आहे यंदा.

१४ डिसेंबर

सरावाला अकोल्याबाहेरच्या माळावर गेलो. वारा होता.

२१ डिसेंबर

वारा.

२८ डिसेंबर

वारा. भाभींनी ओढणीचं टोक हवेत धरून दाखवलं. हललं नाही. मी म्हणालो, वर असतो. वरचा वारा खालून दिसत नाही.

मग नुसतं जमिनीवर उभं करून पंखा फिरवून पाहिला. सहा सेलवर. किंचाळतो. जनावर अडकल्यासारखा. माळावरच्या टिटव्या उठल्या. मी दांडी खाली केली आणि दोन पावलं मागे आलो, सगळा सीन नीट दिसावा म्हणून. परवेजनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो टिटव्यांकडे पाहत राहिला.

येताना भाभींना विचारलं, चार सेल लावली तर आवाज कमी येईल का? त्या म्हणाल्या, आवाजही कमी येईल आणि जोरही निम्म्यावर येईल. मी म्हणालो, हळू उडेल, सोपं जाईल. त्या माझ्यासमोर वाटेत थांबल्या.

'खुशालभाई, जेट सायकल नाही. हळू झालं की पडतं. भीती वाटते म्हणून ताकद कमी केली तर धोका वाढतो. रद्द करा नाहीतर पूर्ण ताकदीनं उडवा. मधलं काही नाही.'

भीतीचा विषय मी काढलाच नव्हता.

१ जानेवारी २०१५, गुरुवार

नवीन वर्ष. संकल्प: रोज सराव. निर्भयता. भात कमी.

४ जानेवारी

वारा.

९ जानेवारी

बोरखडीला मैदान पाहायला गेलो. पटाची पट्टी सुरेख आहे. लांब, सरळ, रोलर फिरवलेली, धावपट्टीच जशी. दोन्ही बाजूंना पब्लिकची जागा. भाभींनी चिठ्ठी दिली होती, पब्लिकला अडवायची दोरी पट्टीपासून चाळीस पावलांवर बांधावी. कमिटीतले लोक म्हणाले, चाळीस पावलांवरून म्हाताऱ्यांना काय दिसेल, दहा करू. मी वाद घातला नाही. जास्त आग्रह धरला तर माणूस घाबरला असं वाटतं.

रामरावांनी घरी नेलं. त्यांची पटाची जोडी गोठ्यात बांधलेली. पांढरीशुभ्र, पाठीवरून हात फिरवला तर कातडी थरथरते. मागच्या यात्रेला पहिली आली होती, सव्वासात सेकंदांत. रामराव म्हणाले, आता दिवसभर उभी असते, वसंत पंचमी जवळ आली की पाय आपटते, त्यांना तारीख कशी समजते देव जाणे. मग मला म्हणाले, 'तुमच्या विमानानं पट्टीची लाज राखा म्हणजे झालं.'

बैलाजवळ मी फार वेळ थांबलो नाही. शिंगं मोठी होती.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी ३. चार सेलची बॅटरी घेतली. परवेजला नाही सांगितलं. अमरावतीच्या एका दुकानात मिळाली, तोच प्लग, तोच आकार, फक्त हलकी. सहाच्या जागी बसते. ताकद निम्मी, आवाज निम्मा. मी हिशेब केला: निम्मा धोका.

भाभींचा हिशेब वेगळा आहे. पण त्या शाळेत शिकवतात. मी वीस वर्षं मशिनीत आहे.

२३ जानेवारी

छातीत धडधड. ॲसिडिटी. पंचफुलानं ओवा दिला. विचारलं, उद्या मीही येऊ का. मी म्हणालो, ये. मग वाटलं, नको. मग वाटलं, ये.

२४ जानेवारी, शनिवार. वसंत पंचमी

कार्यक्रम पार पडला.

लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

माणूस मुंगीसारखं जमलं होतं. तिवसा, कुऱ्हा, पार धामणगावकडून. बैल पळणार नाहीत हे माहीत असून आले होते. दोरीला टेकून दोन्हीकडे माणसं, आणि शेवटच्या टोकाला बायकांची जागा. पंचफुला तिथंच बसली होती, हिरव्या लुगड्यातल्या एका म्हातारीजवळ. मला माझ्या जागेवरून दिसत होती. दिसू नये असं वाटत होतं.

परवेज आणि भाभी माझ्या दोन बाजूंना. दोरी पाहून भाभींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, चाळीस सांगितली होती. मी म्हणालो, कमिटीनं ऐकलं नाही. बॅटरी मीच बसवली, दोघांकडे पाठ करून. माईकवर माझं नाव. टाळ्या.

दांडी वर केली. पंखा किंचाळला नाही, नुसता घोंघावला. परवेजनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आवाजावरून मोटर ओळखणारा माणूस तो. त्याला त्या क्षणी सगळं समजलं.

जेट पळालं. पळालं, पळालं, पळतच राहिलं. पब्लिक उठून उभं. अर्धी पट्टी झाली, नाक उचलेना. मी दांडी शेवटपर्यंत रेटली. आता उचलेल, आता उचलेल. पुढचं चाक कशावर तरी आपटलं आणि जेट डावीकडे वळलं. बायकांकडे.

दांडी खाली ओढायची होती. एवढंच. मला माहीत होतं. अंगठा खाली येईना. मी अंगठ्याकडे पाहत होतो आणि तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा वर दाबून उभा. पंचफुला उठलेली दिसली. ती पळाली नाही. म्हातारीला उठवत होती.

परवेजनं आपला उजवा हात माझ्या हातावर टाकला. ती दोन बोटं वाकत नाहीत. त्यानं तळहातानंच माझा अंगठा खाली दाबला, आख्खा जोर लावून.

जेट दोरीखालून गेलं आणि म्हातारीच्या पायापासून दोन हातांवर थांबलं. तानुबाई तिचं नाव, नंतर समजलं. तिनं हातातला पाण्याचा गडवा त्याच्यावर उपडा केला. फुस्स झालं. जरा धूर. बस.

कोणाला काही झालं नाही. कोणाला काही झालं नाही. कोणाला काही झालं नाही.

मग माईकवरच्या माणसानं, पटाची सवय, वेळ पुकारली: साडेतेरा सेकंद. पब्लिक हसायला लागलं. कोणीतरी ओरडलं, रामरावची जोडी जिंकली. रामरावही हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असं त्यांचा पुतण्या म्हणाला. लोकांनी मला पेढा दिला. तानुबाईनं म्हणे सगळ्यांना सांगितलं की तिनं विमान विझवलं.

मी पेढा हातात धरून उभा होतो. भाभींनी जेट उचललं, बॅटरीचं झाकण उघडलं, आतली बॅटरी पाहिली. मला दाखवली. झाकण लावलं.

२५ जानेवारी

लिहायचं होतं की चाक आपटल्यामुळे विमान उचललं नाही. लिहून पाहिलं. खोडलं.

२७ जानेवारी, मंगळवार

अकोल्याला गेलो. एकटा. पंचफुलानं विचारलं नाही कुठे.

परवेज दुकानात होता. स्टुलावर बसलो. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. चहा आला. मी पंख्यांच्या बाजारावर बोललो. परवेज हो हो म्हणत राहिला. तास झाला. शेवटी मी म्हणालो, 'परवेज, शेपूट सुटली नव्हती. मी सोडली होती. आवाजाला भ्यालो आणि सोडली. आणि मग पळालो.'

तो हातातल्या तारेकडे पाहत होता. म्हणाला, 'मले मालूम हाय भाऊ. मी समोरच होतो.'

मी म्हणालो, रिक्षा शोधलीच नाही मी. तो म्हणाला, तेही मालूम आहे. नाक्यावर तीन उभ्या होत्या, अफिफा त्यातल्याच एकीतून मला घेऊन गेली. पंचफुलाभाभी डबा घेऊन आल्या त्याच दिवशी त्यांनाही सांगितलं होतं. त्या रडल्या. मग डबा उघडून त्यांनीच मला पराठा भरवला, हात बांधलेला होता ना.

म्हणजे दोन महिने सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच लपवत होतो, आणि तेही या वहीपासून.

मला वाटलं होतं बोलून झालं की तो ओरडेल, किंवा माफ केलं म्हणेल. त्यानं दोन्ही केलं नाही. त्यानं मला एक उघडा पंखा दाखवला. तार अर्ध्यावर गुंडाळून सोडलेली, सैल, वाकडी. त्याच्या हातची अशी तार मी कधी पाहिली नव्हती. म्हणाला, फेब्रुवारी लागला की उन्हाळ्याचे पंखे यायला लागतात. एका हातानं होत नाही. बोटांत नस ताणली की कळ निघते. तुमच्या दुकानात तर यंदा काम नाही. आठवड्याचे तीन दिवस येऊन बसाल का? मी सांगतो तसं गुंडाळायचं.

जेटचं विचारलं. ते भाभी आता स्वतः शिकणार आहेत, सहा सेलवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मी पाहायला येऊ का, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.

पंख्याच्या कामाला हो म्हणालो. निघताना दारातून परत फिरलो. विचारलं, वाइंडिंग करताना करंट तर नसतो ना त्यात?

परवेज आज पहिल्यांदा हसला. म्हणाला, 'प्लग काढून करतात भाऊ.'

सोमवारपासून जायचं आहे.